घरी गोड, मांडवात भणभण

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, कारण हाच त्रास असलेले आणखी बरेच जण हे वाचतील. तू नाशिकच्या सिडकोत राहतोस, ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतोस. सहा महिन्यांपूर्वी एक लहान मल्टिइफेक्ट, म्हणजे गिटारचा आवाज हवा तसा बदलणारं पायाशी ठेवायचं मशीन, घेतलंस. घरी हेडफोनवर आवाज ऐकून जाम खूश होतास. गणपतीत एका मंडळाच्या कार्यक्रमात तेच मशीन मिक्सरला जोडलं, तर डिस्टॉर्शनला, म्हणजे मुद्दाम फाडलेल्या आवाजाला, मधमाश्या उठल्यासारखी भणभण. सोलो कोणालाच ऐकू आला नाही. मुखड्यावरून अंतऱ्यात जाताना बटण दाबलं की आवाज क्षणभर गायब. आता डिसेंबरात गंगापूर रोडच्या एका लॉनवर लग्नाचं संगीत आहे आणि जानेवारीत कालिदास कलामंदिरात कार्यक्रम. विचारतोयस, मोठं मशीन घेऊ का?

नको. निदान या कारणांसाठी तरी नको. मी १९९९ साली सेकंडहँड झूम ५०५ वर सुरुवात केली. दोन बटणांचं मशीन ते. त्यानंतर पाच-सहा मशीनं झाली आणि तुझ्या तिन्ही तक्रारी मी त्यातल्या प्रत्येकावर भोगल्या आहेत. आपण आवाज बनवतो तेव्हा सगळं लक्ष गिटारकडे आणि पॅचकडे, म्हणजे मशीनमध्ये साठवलेल्या सेटिंगकडे, असतं. वायरचं दुसरं टोक कशात जाणार आहे, याचा विचारच करत नाही. तुझे तिन्ही घोळ तिथूनच सुरू होतात.

भणभण आधी घेतो. गिटार अ‍ॅम्पचा स्पीकर हा तसा अपुरा स्पीकर असतो. १२ इंची गिटार स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर फारसं काही वाजवतच नाही. डिस्टॉर्शनमध्ये त्याच्या वरची करकर भरपूर असते, पण अ‍ॅम्पमधून वाजवलं की स्पीकर ती गाळून टाकतो आणि आपल्याला तो जाडसर, गोड आवाज मिळतो. मांडवातले टॉप, म्हणजे वर लावलेले मोठे स्पीकर, हे गायिकेचा 'स' आणि झांजेची किणकिण पोचवण्यासाठी असतात, त्यांचे हॉर्न पार १८-२० किलोहर्ट्झपर्यंत जातात. तिथे न गाळलेली करकर गेली की मधमाश्या उठतात. ही गाळणी मशीनमध्येच असते, तिला कॅबिनेट सिम्युलेशन म्हणतात, आपले लोक नुसतं 'कॅब' म्हणतात. तू त्या दिवशी बहुतेक कॅबशिवाय वाजवलंस, किंवा मशीनला 'मी अ‍ॅम्पला जोडलेलं आहे' असं वाटत होतं.

बॉसच्या जीटी-वनसारख्या मशीनमध्ये 'आउटपुट सिलेक्ट' नावाची सेटिंग असते, दुसऱ्या कंपन्यांकडे दुसरं नाव असेल. हे मॅन्युअलचं पान शोध आणि मन लावून वाच. बाकीचं मॅन्युअल नाही वाचलंस तरी चालेल. मिक्सरला किंवा पॉवर्ड स्पीकरला जोडतोयस तर 'लाइन/फोन्स' आणि कॅब चालू. रिहर्सल हॉलमधल्या गिटार अ‍ॅम्पच्या पुढच्या इनपुटला जोडतोयस तर कॅब बंद आणि शक्यतो मशीनमधलं अ‍ॅम्प मॉडेलही बंद, कारण अ‍ॅम्पच्या आत अ‍ॅम्प घातला की आवाज घशात घास अडकल्यासारखा येतो. अ‍ॅम्पच्या मागे 'रिटर्न' नावाचा जॅक असेल तर तिथे मशीनचं अ‍ॅम्प मॉडेल राहू दे, फक्त कॅब काढ. मी स्वतः एकच पॅच दोनदा सेव्ह करतो. मिक्सरसाठीच्या नावापुढे एम, अ‍ॅम्पसाठीच्या नावापुढे ए. जुनाट पद्धत आहे, पण मांडवात शेवटच्या मिनिटाला मेनूत शिरायला लागत नाही.

कॅब चालू करूनही कान किटत असतील तर अगदी शेवटी एक इक्वलायझर टाक. डिस्टॉर्शनवर हाय कट (त्याच्या वरचं सगळं कापणारा) साडेपाच-सहा किलोहर्ट्झला, क्लीनवर, म्हणजे न फाडलेल्या साध्या आवाजावर, सात-आठला. लो कट (त्याच्या खालचं कापणारा) शंभर हर्ट्झच्या आसपास. गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली तर ८२ हर्ट्झ येते, म्हणजे तू तिचा पाया थोडा कापतोयस, हे खरं आहे. एकट्यानं ऐकलंस तर आवाज बारीक वाटेल. पण त्या जागेवर बेस गिटार, ढोलकचा डग्गा आणि किक बसलेले असतात, तिथे तुझी घुमघुम कोणालाच नको असते. साउंडवाला मिक्सरवरची तुझ्या आवाजाची पट्टी, म्हणजे फेडर, खाली ओढतो तो बहुतेक वेळा या घुमघुमीपायी, आणि तिच्याबरोबर तुझं सगळंच खाली जातं.

आता सोलो. इथे दोन वेगळे घोळ एकत्र आलेत.

पहिला घोळ कानाचा. आवाज लहान असला की माणसाच्या कानाला खालचे आणि वरचे सूर कमी ऐकू येतात, मधले बऱ्यापैकी येतात. फ्लेचर आणि मन्सन या दोन संशोधकांनी १९३३ मध्येच याचे आलेख काढून ठेवलेत. रात्री अकरा वाजता आई-बाबा झोपलेले असताना तू हळू आवाजात पॅच बनवतोस, तेव्हा कान म्हणतो बेस कमी आहे, ट्रेबल कमी आहे. तू दोन्ही वाढवतोस आणि मिड खाली करतोस. एकट्याला ते फार भारी वाटतं. तोच आवाज मांडवात पाचपट मोठा झाला की बेस घुमतो, ट्रेबल टोचतो, आणि गिटार जिथे राहते तो मधला पट्टाच रिकामा. कीबोर्डवाला, ऑक्टोपॅड आणि दोन गायक तो पट्टा भरून टाकतात. मग ८०० हर्ट्झ ते दीड किलोहर्ट्झच्या पट्ट्यात जे काही उरलं असेल तेवढाच तू ऐकू येतोस. म्हणून मिड वर घे. एकट्यानं वाजवताना थोडा नाकातला आवाज वाटला पाहिजे. गेन, म्हणजे आवाज किती फाटतो ते प्रमाण, घरच्यापेक्षा एक-तृतीयांश कमी कर. मोठ्या आवाजात डिस्टॉर्शन आपोआप जाड वाटतं, आणि गेन जास्त असला की पिकचा ठोका विरघळून जातो. ऑर्केस्ट्रात गिटार ऐकू येते ती त्या ठोक्यामुळे.

दुसरा घोळ बूस्टच्या जागेचा. तू लिहिलंयस की सोलोसाठी बूस्टर ठेवला होता, तरी फरक पडला नाही. तो इफेक्टच्या साखळीत ड्राइव्हच्या, म्हणजे डिस्टॉर्शनच्या, आधी असणार. आधीच फाटलेल्या आवाजाच्या अलीकडे बूस्ट दिला की तो आणखी फाटतो, मोठा होत नाही. मोठा करायचा तर बूस्ट अ‍ॅम्प आणि कॅबच्या नंतर हवा. तीन ते चार डेसिबल पुरतात, सोबत मिडला एक टेकू. सहा-सात दिलेस तर पहिल्याच सोलोला साउंडवाला घाबरून तुला खाली ओढेल, आणि परत वर करायला विसरेल. त्याची चूक नाही, त्याच्या समोर चोवीस चॅनल असतात.

यावरून साउंडचेकची एक गोष्ट सांगतो. साउंडवाला म्हणतो, 'गिटार द्या', आणि आपण गरिबासारखं क्लीनवर दोन कॉर्ड छेडतो. तो त्यावर गेन लावतो. मग कार्यक्रमात आपला सोलो येतो आणि मिक्सरचा लाल दिवा लागतो. उलटं कर. आधी सगळ्यात मोठा आवाज दे आणि स्पष्ट सांग, 'दादा, यापेक्षा मोठा येणार नाही.' मग क्लीन दे. त्याला एकदा तुझं वरचं टोक कळलं की तो तुला संध्याकाळभर हात लावत नाही. रात्री दहाला स्पीकर बंद करायचा असतो, त्यामुळे आपल्याकडे कार्यक्रम धावपळीतच सुरू होतात आणि गिटारच्या साउंडचेकला दोन मिनिटं मिळाली तरी नशीब समजायचं. ती दोन मिनिटं पॅच दाखवण्यात घालवायची नाहीत.

आणि पॅच तरी किती? तू ४२ लिहिलेस. गाण्यागणिक एक. मीही हे केलंय. सत्तरच्या दशकातल्या वॉ-वॉच्या गाण्याला वेगळा, कोळीगीताला वेगळा, लावणीतल्या छोट्या पीसला वेगळा. मग गायिकेनं ऐनवेळी क्रम बदलला की मी वाकून स्क्रीनवर आकडे शोधत बसायचो आणि तेवढ्यात पीस निघून जायचा. आज मी पूर्ण ऑर्केस्ट्रा चार आवाजांवर वाजवतो. एक स्वच्छ क्लीन, थोडा कॉम्प्रेसर (लहान-मोठा आवाज सारखा करणारा) लावलेला. एक किंचित चिरलेला, रिदमसाठी. एक ड्राइव्ह. आणि स्ट्रमिंगसाठी अ‍ॅकॉस्टिकसारखा एक, जो खरं सांगायचं तर अ‍ॅकॉस्टिकसारखा वाजत नाही, पण ढोलकी आणि कीबोर्डच्या गर्दीत कोणाला फरक कळत नाही. बाकी कोरस, डिले (आवाजाचा पडसाद), वॉ हे इफेक्ट वरून चालू-बंद करायचे. वॉचं एक्स्प्रेशन पेडल, म्हणजे पायानं वर-खाली करायची फळी, मात्र घरीच कॅलिब्रेट करून ने, नाहीतर टाच खाली टेकवूनही तो अर्धा उघडाच राहतो.

आवाज तुटण्याचं उत्तरही इथेच आहे. पॅच बदलला की लहान मशीनच्या प्रोसेसरला जुनी साखळी काढून नवी भरावी लागते, त्यात मध्ये एक फट पडते. शिवाय आधीच्या डिलेचं शेपूट कापलं जातं. महागड्या मशीनवर ही फट लहान असते, पण पॅच बदलण्यात ती बऱ्याच ठिकाणी असतेच. उपाय असा की गाण्याच्या मध्ये पॅच बदलायचाच नाही. एका पॅचमध्ये सगळं भरून ठेव आणि पायानं एकेक इफेक्ट चालू-बंद कर, म्हणजे मशीन स्टॉम्प मोडमध्ये किंवा मॅन्युअल मोडमध्ये वापर. लाइन सिक्सच्या हेलिक्समध्ये यासाठीच 'स्नॅपशॉट' आहेत. एका दाबात पाच गोष्टी बदलतात पण साखळी तीच राहते, म्हणून फट नाही. तुझ्या मशीनवर ते नसेल तर कंट्रोल बटणाला दोन कामं लावता येतात का बघ. ड्राइव्ह चालू आणि कॉम्प्रेसर बंद, एवढं एका बटणावर जमलं तरी अर्धी लढाई झाली. डिलेसाठी 'कॅरीओव्हर' किंवा 'ट्रेल्स' असेल तर ते चालू ठेव. गाणं संपून टाळ्या वाजत असताना पॅच खुशाल बदल.

हे सगळे आवाज एकमेकांशी जुळवायचे कुठे, तर घरी नाही. कार्यक्रमाच्या आधी एकदा तरी बेस आणि कीबोर्डबरोबर, त्याच प्रकारच्या पॉवर्ड स्पीकरवर, बोलताना ओरडावं लागेल एवढ्या आवाजात वाजव. चारही आवाज किती मोठे ठेवायचे ते तिथे लाव. हेडफोनवर सारखे वाटणारे क्लीन आणि ड्राइव्ह स्पीकरवर कधीच सारखे नसतात. मीटर बघून लावलेस तरी नाही, कारण क्लीनचा ठोका उंच आणि शेपूट लहान, ड्राइव्ह सगळीकडे सपाट. कानानंच लावावं लागतं.

डिले-रिव्हर्ब पटकन सांगतो. मोकळ्या लॉनवर आवाज निघून जातो, तिथे थोडा रिव्हर्ब, म्हणजे खोलीसारखा घुमारा, शोभतो. बंद सभागृहात खोलीचाच असतो, तिथे निम्मा कर. डिलेचा वेळ काढायला ६०,००० ला गाण्याच्या बीपीएमनं, म्हणजे मिनिटाला पडणाऱ्या ठोक्यांनी, भाग. १०० च्या ठेक्याला ६०० मिलिसेकंद, आणि डॉटेड एट्थ हवा असेल तर त्याच्या पाऊणपट, म्हणजे ४५०. पण आपला ढोलकीवाला काही क्लिकवर वाजवत नाही, तो रंगात आला की १०० चे १०८ करतो. म्हणून टॅप टेम्पोला, म्हणजे पायानं ठेका देऊन डिलेचा वेळ लावायला, एक बटण ठेव, नाहीतर डिलेचं प्रमाण १५ टक्क्यांवर ठेव म्हणजे चुकला तरी कळणार नाही. आणि सगळं मोनोत. मांडवात डावीकडच्या लोकांना फक्त डावा टॉप ऐकू येतो, तिथे डावी-उजवीकडे उड्या मारणारा पिंगपाँग डिले कोणासाठी?

वायरीवर मात्र थांबून बोलायला हवं. लहान मशीनला बहुधा एक्सएलआर (माइकच्या वायरसारखा तीन पिनांचा) आउट नसतो, त्यामुळे डीआय बॉक्स, म्हणजे साध्या जॅकचा आवाज एक्सएलआरवर देणारी डबी, लागतो. साउंडवाल्याकडे असतो, पण तो 'असतो' म्हणजे कीबोर्डवाल्यानं घेतलेला असतो. स्वतःचा ठेव. आउटपुट 'एल/मोनो' लिहिलेल्या जॅकमधून घे. मशीनला एकच स्टीरिओ आउटपुट असेल, जो हेडफोनलाही चालतो, तर एक सापळा लक्षात ठेव. स्टीरिओ वायरनं, म्हणजे पिनवर दोन काळ्या रिंगा असलेल्या वायरनं, तो थेट मिक्सरच्या बॅलन्स्ड इनपुटला जोडलास तर मिक्सर डावा वजा उजवा करतो. दोन्हीकडे तोच आवाज असेल तर वजाबाकी शून्य. उरतो फक्त कोरस-रिव्हर्बचा पोकळ, दूर विहिरीतून आल्यासारखा आवाज. एका हळदीच्या कार्यक्रमात मी पाऊण तास असा वाजवलाय, आणि गिटारच्या पिकअपला शिव्या घालत होतो. साधी मोनो वायर वापर, डीआयमध्ये घाल, तिथून एक्सएलआर. फँटम पॉवर, म्हणजे मिक्सर माइकच्या वायरीतून देतो ते ४८ व्होल्ट, मशीनच्या एक्सएलआरवर थेट देऊ नको म्हणून सांग. मध्ये ट्रान्सफॉर्मरवाला पॅसिव्ह डीआय असेल तर ती भीती नाही.

हम, म्हणजे सततची घूं, आली तर डीआयवरचं 'ग्राउंड लिफ्ट' बटण दाबून बघ. काही जण एक्स्टेन्शनच्या तीन पिनांमधली अर्थिंगची पिनच काढून टाकतात, हम जाते आणि सगळे खूश होतात. असं कधीही करू नको. मांडवात लाइटवाला एका लाइनवरून घेतो, साउंडवाला दुसऱ्या, मध्ये जनरेटर, त्यात गणपतीचा पाऊस, खाली ओला गालिचा. तुझ्या तारा मशीनमधून मिक्सरच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात आणि माइकची जाळीही अर्थिंगलाच. दोघांच्या अर्थिंगमध्ये फरक असेल तर हात तारांवर आणि ओठ माइकवर, मध्ये तू. मला एकदा असा झटका बसलाय, दातापर्यंत. तेव्हापासून पिशवीत साधा टेस्टर असतो. कोरस गायला माइकजवळ जायच्या आधी टेस्टर जाळीला लावतो. दिवा लागला तर साउंडवाला कितीही म्हणू दे 'काही होत नाही', मी गात नाही. माइकवर फोमची टोपी असेल तर आणखी बरं.

अ‍ॅडॅप्टर मशीनसोबत आलेलाच वापर. ९ व्होल्ट लिहिलं म्हणजे झालं असं नाही. पिनच्या मध्यभागी उणे आहे का अधिक, आणि मशीनला लागतात तेवढे मिलिअँपिअर मिळतात का, हेही जुळलं पाहिजे. लाइन सिक्सचं एचएक्स स्टॉम्प दिसायला तळहाताएवढं, पण ३ अँपिअरचा अ‍ॅडॅप्टर मागतं. आणि डिजिटल मशीनची एक खोड आहे. जनरेटरनं आचका दिला की साधं पेडल लगेच परत वाजायला लागतं, हे मात्र बंद होऊन पुन्हा सुरू व्हायला वेळ घेतं. तेवढ्यात अंतरा संपतो. तुझं मशीन चार पेन्सिल सेलवर चालत असेल, जीटी-वन आणि झूमचं जी-वन फोर चालतात, तर मांडवात नवे सेल घालून ठेव. वायर पायात येऊन निघाली तरी वाजत राहशील.

लॉनच्या एलईडी भिंतीजवळ उभा राहू नको, सिंगल कॉइल पिकअप तिची सगळी किरकिर उचलतात. नाहीच जमलं तर गिटारचं तोंड थोडं फिरव, एका कोनात ती बरीच कमी होते. नॉइज गेट, म्हणजे वाजवणं थांबलं की किरकिर बंद करणारा इफेक्ट, त्यानंतर लाव, आणि एवढाच की थांबलास की शांत व्हावं. लांबवलेला शेवटचा सूर गेटनं कापला तर वाईट दिसतं. डिसेंबरात रात्री नऊनंतर गंगापूर रोडला काय गारठा असतो तुला माहीत आहे. उबदार खोलीतून गिटार बाहेर आणली की तारा आखडतात आणि सूर चढतो. अर्धा तास आधी बाहेर काढून ठेव, आणि ट्यूनरचं बटण आवाज बंद करणारं आहे याची खात्री कर, नाहीतर पाहुण्यांना तुझं ट्यूनिंग ऐकावं लागेल.

स्टेजवर तुझ्यामागे अ‍ॅम्प नसणार, त्यामुळे मॉनिटरमध्ये, म्हणजे आपल्याकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरमध्ये, गिटार आहे की नाही हे सुरू होण्याआधी विचारून घे. आवाज एक मीटर यायला साधारण तीन मिलिसेकंद घेतो. मॉनिटर पाच मीटरवर ठेवला तर पंधरा गेले, आणि मग बोटं मागे पडल्यासारखी वाटतात. लोक त्याचा दोष मशीनला देतात. मशीनचे स्वतःचे दोन-तीनच असतात. मॉनिटर जवळ ओढून घे.

मोठं मशीन कधी घ्यायचं, तर पाय कमी पडायला लागले की. चार आवाज आणि तीन इफेक्ट एवढ्याला तुझी दोन-तीन बटणं अपुरी वाटतील, किंवा प्रत्येक कार्यक्रमाला डीआय लटकवायचा कंटाळा येईल, तेव्हा जास्त बटणांचं, एक्सएलआर असलेलं बघ. त्याआधी एक बाहेरचं दोन बटणांचं फूटस्विच लावून बघ, बऱ्याच मशीनला तेवढी सोय असते आणि खर्च फारच कमी.

आत्ता पैसे खर्च करायचेच असतील तर अ‍ॅक्टिव्ह डीआय घे, बॅटरीवर आणि फँटमवर दोन्हीवर चालणारा. मशीनसाठी पॅसिव्हही चालला असता. पण कालिदासला मशीनच बसलं तर गिटार थेट डीआयमध्ये घालावी लागेल, आणि साध्या पिकअपला पॅसिव्ह डीआय जड जातो, आवाज मंद होतो. अ‍ॅक्टिव्हमध्ये क्लीन खणखणीत येईल. बाकीचा कार्यक्रम त्यावर निघतो, मी दोनदा काढलाय. फक्त ड्राइव्हचे पीस कीबोर्डवाल्याला आधीच सांगून ठेव.